वाचकांचे प्रश्न : अंधेरीची गिल्बर्ट हिल हा ज्वालामुखी आहे का?

प्रश्न : आम्ही बरीच वर्षे अंधेरी पश्चिमेला राहतो. आमच्या गच्चीतून गिल्बर्ट हिलचा काळा कडा दिसतो. हा मृत ज्वालामुखी आहे, तो डायनासोरांच्या काळातला आहे आणि असा खडक जगात फक्त तीन ठिकाणी आहे, असे आम्ही मुलांना सांगत आलो. आता नात विचारते की हा ज्वालामुखी असेल तर त्याचे तोंड कुठे आहे? वर गावदेवीच्या देवळापाशी जाऊन आम्ही दोघांनी शोधले, पण विवरासारखे काही दिसले नाही. तिला काय सांगावे?
— एक वाचक, अंधेरी (पश्चिम)

उत्तर : आपल्या नातीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. माथ्यावर विवर सापडणार नाही, कारण या टेकडीचा आजचा आकार ज्वालामुखीने घडवलेला नाही. दगड निःसंशय ज्वालामुखीचा आहे. टेकडी मात्र लाखो वर्षांच्या झिजेने आणि त्यानंतर माणसाच्या सुरुंगांनी व पहारींनी कोरून काढलेली आहे. सुमारे २०० फूट उंचीचा जो सरळ कडा आपल्याला गच्चीतून दिसतो, तो एकेकाळी जमिनीखाली किंवा जाड थराच्या पोटात असलेला भाग आहे. जे वर होते ते गेले आणि जे आत होते ते उघडे पडले.

ज्वालामुखी म्हटले की आपल्यासमोर शंकूच्या आकाराचा, माथ्यावर खड्डा असलेला डोंगर उभा राहतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसॉल्टने, बनला आहे, तो मुख्यतः तशा डोंगरांतून आलेला नाही. जमिनीला मैलोन्‌मैल लांबीच्या भेगा पडल्या, त्या भेगांतून पातळ लाव्हा उसळून दूरवर पसरला, थिजला, काही काळाने त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. आज या थरांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. सह्याद्रीचा कोणताही कडा दुरून पाहिला तर हे थर पायऱ्यांसारखे एकावर एक दिसतात, आणि म्हणूनच या खडकांना पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ‘ट्रॅप’ असे नाव पडले.

आता वयाविषयी. सह्याद्रीतल्या थरांचा मोठा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी साचला. डायनासोर नाहीसे झाले तो काळही हाच. त्यामुळे गिल्बर्ट हिलही तेव्हाचीच असे सरसकट लिहिले जाते, आणि वर्तमानपत्रांत ‘साडेसहा कोटी वर्षे’ हा आकडा वारंवार येतो. परंतु या टेकडीच्या खडकाचे प्रत्यक्ष कालमापन झालेले आहे. खडकातल्या पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार अतिशय मंद गतीने बदलून त्याचा आर्गॉन वायू होतो आणि तो स्फटिकांत अडकून राहतो. किती आर्गॉन साठला हे मोजले की खडक थिजून किती काळ लोटला हे कळते. या पद्धतीने काढलेले वय २००१ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते ६ कोटी ५ लाख वर्षे आहे, त्यात १२ लाख वर्षे इकडे किंवा तिकडे. म्हणजे ही टेकडी घडली तेव्हा डायनासोरांना जाऊन जवळजवळ ५५ लाख वर्षे झाली होती. मनोरी आणि साकीनाका येथील फिकट रंगाच्या ट्रॅकाइट खडकांची वयेही साधारण याच सुमाराची निघाली आहेत. सह्याद्रीतला मोठा उद्रेक ओसरल्यानंतरही मुंबईच्या पट्ट्यात पृथ्वीच्या पोटातून शिलारस वर येत होता, आणि तो नेहमीच्या बेसॉल्टपेक्षा निराळ्या घडणीचाही होता, असा याचा अर्थ. मला ही गोष्ट ‘डायनासोरांच्या काळातला डोंगर’ या गोष्टीपेक्षा अधिक मोलाची वाटते, कारण ती खास मुंबईची आहे. आपल्या नातीला आकडा दुरुस्त करून सांगावा. मुलांना दुरुस्त केलेला आकडा आवडतो.

खरे आश्चर्य या कड्याच्या बांधणीत आहे. नीट पाहिले तर तो एकसंध दिसत नाही. जणू दगडाचे उभे वासे एकमेकांना चिकटवून ठेवले आहेत, तशा त्यावर वरपासून खाली रेषा जातात. यालाच स्तंभाकार बेसॉल्ट म्हणतात. हजार अंशांहून अधिक तापलेला शिलारस थिजला तरी लगेच गार होत नाही, आणि गार होताना तो आकसतो. आटलेल्या तळ्याचा चिखल आकसला की त्याला भेगा पडून बहुकोनी खपल्या होतात, तसेच येथे घडते. फरक इतकाच की चिखलाची भेग बोटभर खोल जाऊन थांबते, तर दगडातली भेग थंडावा जसजसा आत शिरतो तसतशी त्याच्या मागोमाग टप्प्याटप्प्याने खोल उतरत जाते. कमीत कमी भेगांत जास्तीत जास्त ताण मोकळा व्हावा अशी त्यांची मांडणी होत जाते, आणि तीन भेगा एका बिंदूत सारख्या कोनांत मिळाल्या की षटकोन तयार होतो. प्रत्यक्षात पाच आणि सात बाजूंचे स्तंभही भरपूर असतात. निसर्ग कंपासपेटी घेऊन बसत नाही. एवढ्या जाडीचा दगड थिजल्यावर पुरता निवायला किती वेळ लागला असेल? केवळ दगडातून बाहेर झिरपणाऱ्या उष्णतेचा ढोबळ हिशेब केला तरी उत्तर काही दशकांचे येते.

या स्तंभांतच आपल्या मूळ प्रश्नाचा धागा आहे. भेगा नेहमी थंडावा आला त्या पृष्ठभागाशी काटकोन करून आत जातात. पृष्ठभाग आडवा असेल तर स्तंभ उभे होतात, आणि पृष्ठभाग भिंतीसारखा उभा असेल तर स्तंभ सरपणाच्या मोळीसारखे आडवे पडतात. गिल्बर्ट हिल हे ज्वालामुखीच्या नळीत थिजून बसलेले बूच आहे, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. तसे असेल तर नळीच्या उभ्या भिंतींकडून थंडावा आत आला असणार आणि निदान कडेचे स्तंभ आडवे किंवा तिरपे असायला हवेत. आज दिसणारे स्तंभ उभे आहेत. उभे स्तंभ लाव्हाच्या एका जाड थरात, किंवा जुन्या थरांच्या मधे आडव्या घुसलेल्या शिलारसाच्या पाटात, सहज तयार होतात. बूच पुरेसे रुंद असेल तर त्याच्या मध्यभागीही ते संभवतात, म्हणून भूवैज्ञानिकांत या बाबतीत मतभेद आहेत. माझा स्वतःचा कल जाड थराच्या किंवा पाटाच्या बाजूला आहे. हा वाद मिटवायला खडकाची मूळ कड, म्हणजे तो शेजारच्या खडकाला जिथे भिडला होता ती सांध्याची जागा पाहावी लागते. परंतु भोवतालचा दगड खाणींनी नेला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर इमारती व वस्त्या उभ्या राहिल्या. ज्या खाणकामाने टेकडीचे पोट आपल्याला दाखवले, त्यानेच तिच्या जन्माचा पुरावा उचलून नेला, याचे मला मनापासून वाईट वाटते. २००७ साली मुंबई महानगरपालिकेने या टेकडीला वारसा स्थळाचा दुसऱ्या श्रेणीचा दर्जा दिला, तोवर बराच दगड खडी होऊन गेलेला होता.

‘जगात फक्त तीन’ हे विधान मात्र सोडून द्यावे. अमेरिकेतील वायोमिंगचा डेव्हिल्स टॉवर आणि कॅलिफोर्नियाचे डेव्हिल्स पोस्टपाइल यांच्याशी गिल्बर्ट हिलची तुलना होते, तेथून ते पसरले असावे. दगडी स्तंभ यापेक्षा कितीतरी अधिक ठिकाणी आहेत. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावरील जायंट्स कॉजवे येथे सुमारे ४० हजार स्तंभ आहेत आणि त्यांचे वय आपल्या टेकडीच्या आसपासच आहे. कर्नाटकात उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर ते आहेत आणि आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्याच्या बाजूला बांदिवडे येथेही आहेत. गिल्बर्ट हिलचे वेगळेपण संख्येत शोधू नये. एका महानगराच्या दाट वस्तीत, रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, ६ कोटी वर्षांपूर्वीच्या शिलारसाचा २०० फुटांचा उभा छेद पाहायला मिळतो, एवढे पुरेसे आहे.

प्रश्न : माझा मुलगा न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या माउंट ईडन उपनगरात राहतो. मी तीन महिने तिथे होते आणि रोज तिथल्या टेकडीवर फिरायला जात असे. तिच्या माथ्यावर गवताने भरलेली मोठी खोल वाटी आहे. मुलगा म्हणतो, हा ज्वालामुखी पुन्हा कधीही जागा होणार नाही, पण शहर जिवंत ज्वालामुखी क्षेत्रावर वसलेले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. ऑकलंडखाली आणि भोवताली अशी सुमारे ५३ ज्वालामुखी केंद्रे आहेत आणि त्यांतले बहुतेक एकदाच फुटणाऱ्या जातीचे आहेत. खोलवरून शिलारसाचा एक छोटा लोट वर येतो, काही महिने किंवा काही वर्षे उद्रेक चालतो, आणि लोट संपला की ती वाट कायमची बुजते. पुढचा लोट येतो तो नवी वाट काढून, दुसऱ्याच ठिकाणी. त्यामुळे एकेक टेकडी मृत, पण क्षेत्र जिवंत अशी स्थिती असते. सर्वांत अलीकडचा मोठा उद्रेक समुद्रात झाला आणि त्यातून रांगिटोटो बेट तयार झाले. त्याला अवघी ६०० वर्षे झाली आहेत. तेव्हा माओरी लोक त्या परिसरात राहत होते आणि शेजारच्या बेटावर त्या राखेत उमटलेली त्यांची पावले सापडली आहेत.

आपण चढत होता त्या टेकडीचे माओरी नाव माउंगाफाउ. तिची उंची १९६ मीटर असून ती साधारण २८ हजार वर्षांपूर्वी घडली. त्या वेळी वायूने भरलेला लाव्हा कारंज्यासारखा उसळत होता. हवेतच थिजलेले, बुडबुड्यांनी जाळीदार झालेले हलके लालकाळे दगड तोंडाभोवती पडत गेले आणि त्यांचा ढीग म्हणजे ती टेकडी. मधले तोंड मोकळे राहिले, ते विवर सुमारे ५० मीटर खोल आहे. आपण त्याला वाटी म्हटले, आणि विवराच्या माओरी नावातही अर्थ तोच आहे: ते ‘माताआहोचे पात्र’ आहे, माताआहो ही भूगर्भातल्या शक्तींची देवता. उतारावरच्या ज्या सपाट पायऱ्या आपण पाहिल्या असतील, त्या लाव्हाने घडवलेल्या नाहीत. ते माओरी वस्तीचे आणि कुमारा, म्हणजे रताळी, साठवण्याच्या जागांचे अवशेष आहेत. विवर पवित्र मानले जाते, म्हणून त्यात उतरू नये असे तेथे सांगितलेले असते. आपल्याकडे गावदेवीच्या पायऱ्या चढताना आपण चपला कुठे काढतो हे जसे न सांगता पाळतो, तसेच तेही पाळावे.

वरच्या प्रश्नातल्या वाचकांनी नातीसह अंधेरीत जे शोधले, ते आपल्याला ऑकलंडमध्ये आयते मिळाले, याचे कारण मुख्यतः वयात आहे. २८ हजार वर्षे म्हणजे एक इंच धरले, तर गिल्बर्ट हिलचे वय १८० फूट भरते, म्हणजे जवळजवळ त्या टेकडीच्या उंचीएवढे. भुसभुशीत दगडांचा शंकू असता, तरी इतक्या काळच्या पावसात तो टिकला नसता. तरुण ज्वालामुखीचा आकार पाहायला मिळतो आणि म्हाताऱ्याचे पोट; ज्याला दोन्ही समजून घ्यायचे आहे त्याने दोन्ही उपनगरे पाहावीत. आपल्याला ती संधी मिळाली आहे.

खाणींचे दुःख मात्र दोन्हीकडे सारखे आहे. त्या जाळीदार दगडाला रस्ते आणि रेल्वेमार्ग बांधताना मोठी मागणी होती, आणि ऑकलंडमधल्या कित्येक टेकड्या त्यासाठी पोखरल्या गेल्या. माउंट स्मार्ट नावाची टेकडी जवळजवळ पूर्ण उचलली गेली आणि तिच्या जागेवर आज क्रीडासंकुल आहे. उरलेल्यांपैकी १४ टेकड्यांचा कारभार आता माओरी जमातींचे आणि नगर परिषदेचे प्रतिनिधी एकत्र बसून पाहतात. ज्यांच्या पूर्वजांच्या वस्त्या त्या डोंगरांवर होत्या त्यांना निर्णयात जागा देणारी ही व्यवस्था मला फार योग्य वाटते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आठवी-नववीच्या मुलांना गिल्बर्ट हिल दाखवायला न्यायचे आहे. मुले पायऱ्या चढतात, देवळात जातात, वरून शहराचे फोटो काढतात आणि उतरतात, असे होऊ नये म्हणून काय दाखवावे? दगडाचा नमुना आणावा का?
— एक शिक्षिका, जोगेश्वरी

उत्तर : वर जाण्याआधी खालीच निदान अर्धा तास थांबा. स्तंभ माथ्यावरून दिसत नाहीत. ते कड्याच्या समोर, थोडे लांब उभे राहिले तरच नीट उमगतात. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना प्रत्येक स्तंभाची कड सावलीने उठून दिसते, दुपारच्या उन्हात सगळा कडा एकसारखा काळा होतो. कड्याच्या अगदी पायथ्याशी मुलांना बसवू नका, कारण भेगांत शिरलेले पाणी आणि पिंपळाची मुळे दगड सैल करत असतात, पावसाळ्यात तर अधिकच. मुलांनी वहीत कड्याचे चित्र काढावे आणि स्तंभांच्या रेषा कोणत्या दिशेला जातात ते बाणाने दाखवावे. फोटोपेक्षा चित्र बरे, कारण चित्र काढताना रेषा मोजाव्या लागतात.

पायऱ्यांच्या वाटेवर दगड हाताशी येतो. त्याचा रंग दोन ठिकाणी पाहायला सांगा. जिथे तो अलीकडे फुटला आहे तिथे तो काळा, घट्ट आणि बारीक कणांचा दिसेल; जिथे जुना पृष्ठभाग आहे तिथे तो तपकिरी झालेला असेल, कारण त्यातल्या लोहाला गंज चढतो. भिंगातून पाहिले तर उन्हात चमकणारे सूक्ष्म स्फटिक दिसू शकतात. दोऱ्याला बांधलेले छोटे पण जोरदार चुंबक दगडाजवळ नेले की ते किंचित ओढले जाते. दगडात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते त्याचा हा पुरावा मुलांना स्वतःच्या हाताने मिळतो. हातोडी मात्र नेऊ नका आणि नमुना आणू नका. तुकडा हवाच असेल तर एखाद्या बांधकामावरची खडी मागून घ्यावी. मुंबईच्या परिसरात ती बहुधा बेसॉल्टचीच असते आणि त्यासाठी टेकडीचा एक कपचाही उतरत नाही.

दिवस मोठा असेल तर मुलांना पुढे लोकलने चर्चगेटला न्यावे आणि छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या बाहेरच्या भिंती दाखवाव्यात. त्या भिंतींत कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट असे दोन दगड शेजारी शेजारी आहेत. पहिला नेहमीच्या लाव्हाचा, दुसरा सिलिका अधिक असलेल्या, घट्ट शिलारसाचा. मुंबईच्या उपनगरांत दोन तऱ्हेचे शिलारस आले होते हे पुस्तकातून सांगण्यापेक्षा त्या भिंतीसमोर सांगणे सोपे जाते. वाटेत वरळीचा उल्लेखही करता येईल: तेथील लाव्हाच्या थरांमध्ये तळ्यातल्या गाळाचे थर सापडले आणि त्यांत इवल्या बेडकांचे जीवाश्म होते, ज्यांचे शास्त्रीय वर्णन १८४७ सालीच प्रसिद्ध झाले. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात येथे पाणी साचत होते आणि त्यात बेडूक नांदत होते, ही कल्पना मुलांच्या मनात घर करते असा माझा अनुभव आहे.

सहलीच्या आठवडाभर आधी वर्गात एक प्रयोग लावून ठेवावा. एका वाडग्यात मक्याचे पीठ, म्हणजे बाजारात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळते ते पांढरे पीठ, आणि तेवढेच पाणी कालवून दोन-तीन बोटे जाडीचा थर करा आणि त्यावर विजेचा जुन्या पद्धतीचा, उष्णता देणारा दिवा काही दिवस चालू ठेवा. दिवा वाडग्यापासून हातभर दूर असावा आणि शाळा सुटल्यावर बंद करावा. आधी वर चिखलासारख्या मोठ्या भेगा पडतील. त्यांवर समाधान मानू नका. वडी पुरती वाळली की ती उलटी करून हलक्या हाताने मोडा. आतून काडेपेटीतल्या काड्यांसारखे बारीक, बहुकोनी स्तंभ निघतील. पिठातले पाणी जाणे आणि दगडातली उष्णता जाणे या क्रिया वेगळ्या असल्या, तरी दोन्हींत आकसणे आणि भेग आत सरकणे सारखेच असते. दुसऱ्या वाडग्यात पीठ वरून झाकून, एका बाजूनेच वाळेल अशी सोय करता आली तर स्तंभांची दिशा बदललेली दिसेल. मुलांना आधी विचारा की वाडगा कोणत्या बाजूने वाळला हे काड्यांवरून ओळखता येते का, आणि मग कड्यासमोर उभे करून तोच प्रश्न टेकडीविषयी विचारा.